जुन्या घाटाची नवी भांडी

इ.स. 1116 मध्ये चीनच्या सोंग दरबारात काशाचं एक भांडं ओतलं गेलं. तीन पाय, काठावर दोन उभे कान, पोटाभोवती डोळे वटारून पाहणाऱ्या चेहऱ्यांची नक्षी. सम्राट हुईझोंगने ते आपला सेनापती थोंग क्वान याला दिलं, त्याच्या घराण्याच्या पितरांपुढे नैवेद्य मांडायला. आज ते तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. नुसत्या घाटावरून पाहिलं तर ते पार इसवी सनापूर्वीचं, शांग राजवटीच्या आसपासचं वाटावं, आणि ओतणाऱ्यांना नेमकं तेच साधायचं होतं. पण भांड्यावर लेख आहे. ते कोणत्या काळात आणि कुणासाठी घडवलं, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. दोन हजार वर्षांहून जुना घाट, आणि अंगावर स्वतःची खरी जन्मतारीख.

अशी भांडी चीनमध्ये पुढे आठशे वर्षं घडत राहिली. संग्राहकांच्या बाजारात त्यांना बराच काळ दुय्यम मानलं गेलं, कारण ती ‘अस्सल’ शांग किंवा झोउ काळातली नाहीत. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. एका समाजाने आपल्याच जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तू कशा ओळखल्या, मोजल्या, चुकतमाकत समजून घेतल्या आणि पुन्हा हाताने घडवल्या, त्याचा हा ओतीव पुरावा आहे. विदर्भात राहणाऱ्या माणसाने तर हा इतिहास मुद्दाम वाचावा. त्याचं कारण पुढे येईल.

मूळ भांड्यांपासून सुरुवात करू. शांग राजवट इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 1046 आणि तिच्यामागून झोउ. त्या काळात काशाचं भांडं म्हणजे सत्ता. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढून पितरांना बोलावतात, तसं तिथला राजा पूर्वजांना अन्न आणि मद्य अर्पण करायचा, आणि त्यासाठी प्रत्येक पदार्थाचं भांडं वेगळं. मांस शिजवायला आणि वाढायला ‘दिंग’, धान्यासाठी ‘ग्वे’, मद्यासाठी उंच ‘गू’ आणि चोचीसारखी तोटी असलेला तीन पायांचा ‘ज्वे’. आन्यांग इथे 1939 मध्ये सापडलेल्या एका चौकोनी दिंगचं वजन 832 किलोंहून जास्त आहे.

ओतण्याची रीतही त्यांची स्वतःची होती. आधी मातीचा नमुना करायचा, त्यावर ओली माती थापून तिचे तुकडे कापून काढायचे, ते भाजायचे, मधल्या गाभ्याभोवती पुन्हा जुळवायचे आणि फटीत तांबं, कथील आणि शिसं यांचा रस ओतायचा. तुकडे जिथे जुळतात तिथे बारीक रेघ उठते. भांड्याच्या नक्षीची विभागणी याच जोडांवर बसवलेली असे. चेहऱ्याच्या नाकावरून खाली येणारा उभा कंगोरा शोभेचा दिसतो, पण त्याची जागा साच्याने ठरवलेली आहे. हा तपशील लक्षात ठेवावा. अस्सल आणि नंतरचं यांतला फरक पुढे बरेचदा इथेच सापडतो.

झोउ राजवट संपली, हान आली, पूजेच्या चालीरीती बदलल्या. भांडी थडग्यांत आणि शेतांखाली गेली. कधी नांगराला लागायची, कधी पुरात दरड कोसळून उघडी पडायची. असं भांडं मिळालं की दरबारात शुभशकुन म्हणून मिरवत न्यायचे. हान सम्राट वूने दिंग सापडल्याच्या आनंदात एका कालखंडाला दिंगचं नाव दिलं होतं. पण शकुनापलीकडे त्या वस्तूला काही विचारावं, असं हजारभर वर्षं फारसं कुणाला सुचलं नाही.

ते सुचलं अकराव्या शतकात. सोंग काळात परीक्षा देऊन अधिकारी झालेल्या विद्वानांचा एक मोठा वर्ग तयार झाला होता. ओउयांग शिऊने शिलालेखांचे आणि भांड्यांवरच्या लेखांचे ठसे जमवायला सुरुवात केली. त्याने हजारभर ठसे जमवले आणि त्यांवर टिपणं लिहिली. त्याचा मित्र ल्यू चांग चांगआनच्या बाजूला अधिकारी होता. जुन्या राजधान्यांचा तो मुलूख, तिथे जमीन उकरली की काहीतरी निघायचंच. 1063 मध्ये त्याने आपल्याकडच्या अकरा वस्तूंवर एक छोटा ग्रंथ केला. त्यात त्याने कामाची जी वाटणी सांगितली, ती आजही कुठल्याही पुरातत्त्व विभागाच्या भिंतीवर लावावी: विधींच्या जाणकारांनी भांड्याचा वापर सांगावा, लिपीच्या जाणकारांनी अक्षरं लावावीत आणि वंशावळींच्या जाणकारांनी पिढ्यांचा क्रम ठरवावा.

त्याच्याही पुढचं पाऊल ल्यू दालिनचं. 1092 मधल्या त्याच्या ‘काओगू थू’ या ग्रंथात दोनशेहून अधिक वस्तू आहेत. प्रत्येकीचं चित्र, उंची, व्यास, वजन, आत किती मावतं, लेखाची नक्कल, ती कुणाकडे आहे आणि माहीत असेल तर कुठे सापडली. हे सगळं अकराव्या शतकात.

या मोजमापाने काय साधलं ते एका उदाहरणातून कळतं. त्याआधी दरबारी पूजेची भांडी ‘सान ली थू’ या सचित्र ग्रंथावरून होत. तो दहाव्या शतकात न्ये छोंगयीने तयार केला होता. मूळ भांडी डोळ्यांनी पाहायला मिळत नव्हती म्हणून चित्रं प्राचीन ग्रंथांतल्या वर्णनांवरून कल्पनेने काढलेली. त्यात ‘ज्वे’ हा मद्याचा पेला कसा दाखवलाय? एक चिमणी, आणि तिच्या पाठीवर ठेवलेली वाटी! पोथीतली वांगी पोथीतच. ल्यू दालिनच्या पिढीने शेतातून निघालेला खरा ज्वे हातात घेतला. तीन निमुळते पाय, एका बाजूला लांब तोटी, काठावर दोन खुंट्या. चिमणी कुठेच नाही. दीडशे वर्षं ज्या चित्रांवरून राजा पितरांची पूजा करत होता, ती चित्रं चुकीची होती. जमिनीतली वस्तू पोथीला खोटं ठरवू शकते, ही जाण तिथे अशी रुजली.

हुईझोंग 1100 मध्ये गादीवर आला. चित्रकार, सुलेखनकार, बागांचा शौकीन आणि राज्यकारभारात कमकुवत, अशी त्याची ख्याती. प्राचीन भांड्यांच्या बाबतीत मात्र त्याचा उद्योग शौकापुरता राहिला नाही. 1104 मध्ये झोउ काळातल्या सहा घंटांचा एक संच सापडला. सम्राटाने त्यांच्या घाटावरून नव्या घंटा ओतवल्या आणि दरबारचं सगळं संगीतच नव्या सुरांवर लावलं. त्या ‘दाशंग’ घंटांपैकी काही आजही वेगवेगळ्या संग्रहालयांत आहेत. त्याच सुमारास त्याने नऊ दिंग ओतवले. पौराणिक राजा यूचे नऊ दिंग ज्याच्याकडे असतील त्याचं राज्य धर्माचं, अशी श्रद्धा होती. मूळचे नऊ केव्हाच हरवलेले, म्हणून नवे. उत्तरेकडून शत्रू दबाव आणत असताना आपणच प्राचीन राजांचे खरे वारस आहोत, हे त्याला दाखवायचं होतं. यात राजकारण होतं हे उघड आहे. पण राजकारणापायी का होईना, ओतणाऱ्यांच्या हातात खरी जुनी भांडी आली आणि त्यांनी ती बारकाईने न्याहाळली.

राजवाड्यातल्या संग्रहाची ‘शुआनह बोगू थू’ ही सूची तीस खंडांची, 839 वस्तूंची. आपल्या थोंग क्वानचा दिंग या सगळ्या खटाटोपातूनच जन्मला. भांड्यांवरच्या त्या डोळे वटारलेल्या चेहऱ्याला ‘थाओथिए’ म्हणायची पद्धतही याच विद्वानांनी रूढ केली. शांग लोक त्याला काय म्हणत, हे कुठे लिहिलेलं नाही.

मग 1127 उजाडलं. उत्तरेच्या जुरचेन सैन्याने राजधानी कायफंग घेतली, आणि हुईझोंग आणि गादीवर बसलेला त्याचा मुलगा दोघांनाही कैद करून नेलं. खजिना, घंटा, ग्रंथ, जुनी भांडी गाड्या भरभरून उत्तरेला गेली. थोंग क्वानला त्याआधीच, 1126 मध्ये, देहदंड झाला होता. हुईझोंग 1135 मध्ये दूर उत्तरेत कैदेतच वारला.

या वाताहतीची सर्वांत जिवंत साक्ष एका बाईने दिली आहे. ली छिंगझाओ ही चीनच्या थोर कवींपैकी एक. तिचा नवरा झाओ मिंगचंग प्राचीन लेखांचा अभ्यासक. दोन हजार लेखांच्या ठशांवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर तिने मार्गी लावला आणि त्याला एक उपसंहार लिहिला. लग्नानंतरचे दिवस त्यात आहेत. नवरा शिकत होता, हातात पैसा नव्हता. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तो कपडे गहाण ठेवायचा, देवळाजवळच्या बाजारातून लेखांचे ठसे आणि थोडी फळं घेऊन यायचा, आणि दोघं समोरासमोर बसून ती फळं खात ठसे वाचायची. जेवणानंतर पैज लागायची, अमुक घटना कुठल्या ग्रंथात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत? जिंकेल त्याने चहा आधी प्यायचा.

युद्ध आलं तेव्हा घरात इतकं साठलं होतं की काय न्यायचं हाच प्रश्न पडला. आधी जड छापील पुस्तकं मागे ठेवली, मग एकाच चित्रकाराची जास्तीची चित्रं, मग लेख नसलेली भांडी. तरी पंधरा गाड्या भरल्या. मागे राहिलेली दहाहून अधिक खोल्यांतली चीजवस्तू जळून गेली. पुढे नवऱ्याला दरबारी कामासाठी एकट्याने निघावं लागलं. ती होडीत, तो काठावर. शहरात गडबड झाली तर मी काय करू, असं तिने ओरडून विचारलं. तो म्हणाला, लोकांबरोबर नीघ. टाकावंच लागलं तर आधी सामान टाक, मग कपडे, मग पुस्तकं आणि चित्रं, मग जुनी भांडी. पूर्वजांच्या पूजेची भांडी मात्र स्वतः हातात घे, जगलीस तर त्यांच्यासह, मेलीस तर त्यांच्यासह. 1129 मध्ये तो वारला. उरलेला संग्रह पळापळीत, चोरीत, लुटीत हळूहळू संपला. जुनं काशाचं भांडं त्या समाजात काय होतं, हे सांगायला या प्रसंगाहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दक्षिणेत हांगझोउला सोंग दरबार पुन्हा उभा राहिला, तेव्हा पूजेला भांडीच नव्हती. वस्तू गेल्या होत्या, पण त्यांची पुस्तकं शिल्लक होती. 1140 च्या दशकात सम्राट गाओझोंगच्या कारागिरांनी ‘बोगू थू’ उघडून त्यातल्या चित्रांवरून नवी भांडी केली. इथे या गोष्टीला वळण लागलं. हुईझोंगच्या ओतणाऱ्याने खरं भांडं पाहिलं होतं, गाओझोंगच्या ओतणाऱ्याने बहुतेक वेळा चित्र. चित्रात वजन नसतं, पाठीमागची बाजू नसते, नक्षीचा उठाव किती ते कळत नाही. शिवाय तांबं नाण्यांसाठी हवं होतं, म्हणून पुष्कळ भांडी मातीची केली गेली. त्यांवरची फिकी निळसर-हिरवी झिलई पुढे इतकी आवडली की लोंगछ्वानच्या भट्ट्यांतून काशाच्या घाटाची चिनी मातीची भांडी सर्रास निघू लागली. देवघरासाठी सुरू झालेली वस्तू बाजारात आली. 1323 मध्ये निंगबोहून जपानकडे निघालेलं एक जहाज कोरियाच्या सिनान किनाऱ्यालगत बुडालं. 1976 पासून त्याचं उत्खनन झालं, तेव्हा वीस हजारांहून अधिक मातीच्या भांड्यांबरोबर जुन्या घाटाची काशाची भांडीही वर आली.

मिंग काळात हीच भांडी विद्वानाच्या मेजावर स्थिरावली. दिंगमध्ये मांस शिजायचं थांबलं, त्यात धूप जळू लागला. गू हा मद्याचा पेला होता, त्यात फुलं सजली. सम्राट शुआंदच्या कारकिर्दीत, 1428 मध्ये, सयामहून आलेल्या तांब्याची हजारो धूपपात्रं झाली असं परंपरा सांगते, आणि त्यानंतर शतकानुशतकं त्याची मुद्रा असलेली पात्रं निघत राहिली. त्यांत जस्त भरपूर, म्हणजे ती खरं तर पितळेची. नक्षी जवळजवळ नाही. सगळी शोभा घाटात आणि धातूच्या मधासारख्या रंगात.

ओतण्याची रीतही या सगळ्या काळात बदलत गेली. तुकड्यांच्या साच्याबरोबर मेणाचा साचा आला: मेणाचं भांडं करायचं, त्यावर माती लिंपायची, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याला ही रीत परकी नाही. जुन्या मध्य प्रांतातल्या बस्तरचे घडवे आजही असंच ओततात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ ज्या दशकात लिहिला गेला ते हुईझोंगच्या कैदेचं. त्यात ही रीत मेणाच्या आणि धातूच्या वजनांच्या प्रमाणासह सांगितली आहे. महाराष्ट्रातल्या बायकांच्या ओवीचा जुना उल्लेखही त्याच ग्रंथात आहे, म्हणून मराठी वाचकाला तो जवळचा. मेणाच्या साच्यात जोडाची रेघ नसते. तरीही जुन्या घाटासाठी नाकावरचा तो उभा कंगोरा कारागीर मेणात मुद्दाम कोरत. मुळात तांत्रिक गरजेच्या जागी उठलेली गोष्ट इथे निव्वळ स्मरण म्हणून राहिली.

बनावटही याच काळात फोफावली. ती अर्थात वेगळी गोष्ट. 1591 च्या आपल्या ग्रंथात गाओ लियान सांगतो की ठग नव्या भांड्यावर रसायनांचे लेप देतात, खड्डा कोळशांनी लाल तापवून त्यात शिरका ओततात, भांडं आत ठेवून वरून गाळ आणि माती लोटतात, आणि काही दिवसांनी जुनाट रंग चढवून काढतात. म्हणजे हिरवा कळंक विकतच मिळायचा. थोंग क्वानच्या दिंगवर लेख आहे, या भांड्यांवर खोटी तारीख. फरक तेवढाच, पण तो पुरेसा आहे.

छिंग सम्राट छियानलोंगने हुईझोंगचा कित्ता मोठ्या प्रमाणावर गिरवला. 1748 मध्ये त्याने फर्मान काढलं की राज्याच्या पूजेत वाट्या-ताटल्या नकोत, प्राचीन घाटाचीच भांडी हवीत. पुढच्याच वर्षी राजवाड्यातल्या काशाच्या सूचीचं काम सुरू झालं. ‘शीछिंग गूज्येन’ असं तिचं नाव, वस्तू 1,529. नंतरच्या अभ्यासकांनी ती तपासली तेव्हा शांग आणि झोउ म्हणून नोंदलेल्या कितीतरी वस्तू सोंग आणि मिंग काळातल्या निघाल्या. विद्वानांचा राजा स्वतः फसला! पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चारपाचशे वर्षांपूर्वीच्या ओतणाऱ्यांच्या हाताला याहून मोठी दाद मिळणं शक्य नव्हतं.

राजवाड्यातल्या चीजवस्तूंना पुढे लुटीचे दिवस आले. 1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, 1900 मध्ये आठ सत्तांची सेना बीजिंगमध्ये घुसली. दोन्ही वेळा इंग्रजांच्या बाजूने हिंदी शिपाई होते. त्यांतला एक, सातव्या राजपूत पलटणीतला ठाकूर गदाधर सिंह, ‘चीन में तेरह मास’ या हिंदी पुस्तकात तिथल्या लोकांच्या हालांबद्दल कळवळून लिहितो. चिनी वस्तू लंडन आणि पॅरिसच्या बाजारात आल्या आणि त्यांचा शौक जगभर पसरला.

या शौकाचं एक टोक नागपूरला येतं. टाटांचं घर चीनच्या व्यापारात फार आधीपासून होतं. जमशेटजी 1859 मध्येच हाँगकाँगला गेले होते, आणि इथून जाणाऱ्या कापूस-अफूच्या बदल्यात चहा, रेशीम, कापूर यायचं. पण घराण्याच्या ऐश्वर्याचा पाया नागपूरच्या जुम्मा तलावाकाठी घातला गेला. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भाच्या कापसाने टाटांना जे दिलं, ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा (1871–1918) यांनी चिनी आणि जपानी कलावस्तू मोठ्या हौसेने जमवल्या. याच गृहस्थांनी पाटलिपुत्राच्या उत्खननालाही पैसा दिला, आणि त्यातून 1913 मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पूनर यांनी तिथे कुम्रहारला कुदळ घातली. सर रतन यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, आणि थोरले बंधू सर दोराब यांचा 1933 मध्ये, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला. तिथल्या चिनी जेड आणि पोर्सेलिनपुढे नागपूरकराने जरा जास्त वेळ थांबावं. त्या कपाटांमागे थोडं आपल्या गिरणीचं सूतही आहे.

आता विदर्भाकडे वळतो. चीनमध्ये झोउ राजे दिंग ओतत होते, त्या शतकांत नागपूरच्या आसपास दफनांभोवती शिळावर्तुळं उभी राहत होती. माहुरझरी इथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकारही. शिळावर्तुळांच्या या संस्कृतीतल्या तांब्याच्या झाकणांवर मध्यभागी पक्षी बसवलेले असतात. मृतांना निरोप देण्यासाठी घडवलेली ही आपली भांडी शांग-झोउच्या भांड्यांच्या जातकुळीची आहेत. फरक नंतरचा आहे. तिकडे अकराव्या शतकात कुणीतरी वजन करून, चित्र काढून, मापं लिहून ठेवली, म्हणून तो घाट पुढच्या हजार वर्षांच्या कारागिरांच्या हातात उतरला. आमचा पक्षी झाकणावर बसल्या जागीच राहिला.

हे अजून करता येण्यासारखं आहे. विदर्भातल्या शिळावर्तुळांतली तांब्याची भांडी उत्खननाच्या अहवालांतून बाहेर काढावीत आणि शाळकरी मुलालाही उलगडेल अशी त्यांची मराठी सूची करावी. प्रत्येक वस्तूचं मोठं चित्र, उंची, व्यास, वजन, सापडल्याचं गाव. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने आणि अजब बंगल्याने, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयाने, मिळून हे मनावर घ्यावं. आणि सूची झाली की तिची पहिली प्रत भंडाऱ्याच्या एखाद्या पितळी भांडी करणाऱ्या कारागिराच्या हातात द्यावी, आणि पक्ष्याचं ते झाकण त्याच्याकडून घडवून घ्यावं, वर आजची तारीख घालून.